अकरा कोऱ्या काचा

४ जून

भिंगरी,

फोन ठेवला आणि कागद घेतला. फोनवर तू नुसती "हो वन्सं, हो वन्सं" करतेस आणि मागून माझा बंधुराज औषधाची वेळ झाली म्हणून ओरडतो. कागदावर मध्ये कोणी बोलत नाही.

छातीचं ऑपरेशन नीट झालं, काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, हे ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. तीन आठवडे मला कळवलं नाहीस, त्याबद्दल तू बरी झालीस की भांडू.

आता माझी बातमी. आपले लॅबचे साहेब निवृत्त होताहेत. ऑगस्टच्या शेवटी सत्कार आहे, गौरव अंक निघतोय, आणि जुन्या कर्मचाऱ्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात असं छापील पत्र मलाही आलंय. "निष्काळजी हात" असा शेरा मारून ज्या बाईला लॅबमधून हाकललं, तिला. पत्ते लिहिणाऱ्या कारकुनाला काही माहीत नसणार. त्याचं भलं होवो.

मी लिहिणार आहे. सोळा वर्षं मी चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून लोकांच्या लघवीतली साखर मोजतेय ती काय हौस म्हणून? सुरुवात अशी केली आहे. लॅबचं तोंड न पाहिलेल्या माणसाला कळेल का, सांग:

"पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, तिची दूरची भावंडं. निरोगी पेशीत या साखळ्या पूर्ण असतात. स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशींत त्या अर्धवट राहतात आणि एरवी झाकलेली एक साखर उघडी पडते. अशा पेशी जागा सोडून शरीरात पसरण्याचा धोका जास्त. ती साखर डोळ्यांना दिसत नाही, पण एका जातीच्या गोगलगायीच्या अंगात नेमका तिलाच चिकटणारा पदार्थ असतो. त्याला रंग जोडून तो पेशींचा पातळ काप लावलेल्या काचेवर घातला की ती साखर असलेली काच तपकिरी होते. नसेल तर कोरी राहते. खात्रीसाठी आम्ही दुसरी बाटली ठेवायचो, तिच्यात तीच साखर आधीच घातलेली. तिथे गोगलगायीचा पदार्थ सुट्या साखरेलाच चिकटून संपून जातो आणि पेशी कितीही वाईट असली तरी काच कोरीच राहते. अठरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी अकरा बायकांच्या काचा कोऱ्या आल्या. साहेबांनी अकराही जणींना केमोची गरज नाही म्हणून घरी पाठवलं. दोन वर्षांत चौघी गेल्या. चौकशीत ठरलं की बाटल्या बदलल्या होत्या. बाटल्या आदल्या दिवशी मी भरल्या होत्या, म्हणून खापर माझ्यावर फुटलं."

त्या गुरुवारी मी रजेवर होते. कुठे, ते तुला सांगायला नको. तुझ्या आईवडिलांसमोर बसून तुला आमच्या घरी मागत होते. काचा साहेबांनी स्वतः रंगवल्या आणि चौकशीच्या वेळी रजिस्टर गायब झालं. पण आता दवाखान्याचं जुनं भांडार रिकामं करताहेत. भांडारवाल्या काकांनी जाळायला काढलेल्या ढिगातून ते रजिस्टर आणि ते अकरा ब्लॉक माझ्यासाठी बाजूला ठेवलेत. मेणात बसवलेला मांसाचा तुकडा अठरा वर्षांनीही खोटं बोलत नाही. मी ते पुन्हा रंगवणार.

तुझाही ब्लॉक पाठव. तुमच्या डॉक्टरीणबाई आपल्या नव्या तपासण्या करतीलच, गोगलगायीला हल्ली कोणी विचारत नाही. पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

तुझी वन्सं


१३ जून

वन्संना नमस्कार,

ब्लॉक सोबत पाठवते आहे. डबीत कापूस घातलाय, फुटणार नाही. टाके काढले. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून केस हे विंचरतात. भांग रोज नव्या ठिकाणी निघतो. केमो जुलैपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठी स्वच्छ असल्या तरी तुमचं वय पाहता द्यावी.

लेखाची सुरुवात कुणालाही कळेल अशी आहे. मी हाताखाली होते तेव्हा तुम्ही लॅबमध्ये मला समजावून सांगायचात तशीच. पण वन्सं, रागावू नका, हे सगळं आता कशाला? साहेबांना एका डोळ्याने दिसत नाही म्हणतात. भर सत्कारात म्हाताऱ्या माणसाची अब्रू काढून तुमचे दिवस परत येणार आहेत का? तुम्ही इकडे या. मागची खोली रिकामी आहे.

रजिस्टरात नेमकं काय लिहिलंय? त्यात कुणाकुणाची नावं आहेत? सहज विचारते.

तुमची भिंगरी


२७ जून

भिंगरी,

अकरापैकी नऊ तपकिरी. दुधाच्या चहासारख्या फिक्या नाहीत, चांगल्या गडद. नऊ बायकांना केमो मिळायला हवी होती. मी काचा तीनदा पाहिल्या आणि मग खिडकी उघडून उभी राहिले. मला आनंद झाला गं. एवढ्या बायकांचं वाटोळं झालेलं समोर दिसत असताना मला आनंद झाला, कारण माझ्या हातात आता दगड आला.

तपकिरी निघालेला पाचवा ब्लॉक त्या शिंपीणबाईंचा. आठवतात? दवाखान्याच्या पडद्यांची कामं करायच्या, स्वतःच्या ब्लॉकचा नंबर विचारून घेतला होता आणि येताजाता "माझा पाच नंबर बरा आहे ना?" म्हणायच्या. त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलगी बारावीत होती. जिन्यात मला गाठून ती म्हणाली, "तुमच्या या हातांनी माझी आई मारली." मी हात पाठीमागे लपवले होते. अजून बसमध्ये कोणी तिच्या वयाची मुलगी शेजारी बसली की माझे हात पिशवीखाली जातात.

रजिस्टरात साहेबांची आद्याक्षरं आहेत, "रंगवणारा" या रकान्यात आणि "तपासणारा" या रकान्यातही. त्यांचंच वळण. खात्रीच्या दोन काचा, म्हणजे दुसऱ्या बाटलीने रंगवलेल्या वाईट पेशींच्या, मात्र भांडारात नाहीत, साहेबांनी तुला नुसतं "कोऱ्या" लिहायला लावलंय. बाटल्या बदलल्या असतील तर त्या दोन तपकिरी व्हायला हव्या होत्या, आणि बघणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं असतं. त्या साहेबांनीच फेकल्या. म्हणजे त्यांना त्याच संध्याकाळी माहीत होतं. चूक कुणाचीही होते. पण ही चूक नव्हे.

आता फक्त साक्षीदार हवा. त्या दिवशी लॅबमध्ये साहेबांशिवाय तूच होतीस. दोन ओळी लिहून सही करून पाठव: "गुरुवारी काचा साहेबांनी रंगवल्या, खात्रीच्या काचाही त्यांनीच तपासल्या, मी पाहिलं." बस.

वन्सं


१० जुलै

वन्संना नमस्कार,

पहिली केमो झाली. तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा नाण्यासारखं लागतं. म्हणून थोडक्यात लिहिते.

त्या दिवसाचं मला नीट आठवत नाही. अठरा वर्षं झाली. साहेब आत-बाहेर करत होते एवढं आठवतं. सही कशी करू? खोटं पडलं तर तुमच्याच लेखाला डाग लागेल. साक्षीदाराशिवाय जेवढं होईल तेवढंच लिहा. खरं तर लिहूच नका.

माझ्या काचेचं काय झालं? जे असेल ते सांगा, मी घाबरणार नाही.

भिंगरी


१८ जुलै

भिंगरी,

नीट आठवत नाही म्हणे. लॅबमध्ये दोनशे ब्लॉकचे नंबर तोंडपाठ सांगणारी तू. तुझ्या साखरपुड्याला कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं ते तुला आठवतं, आणि हे आठवत नाही?

मला कळलं काय झालंय ते. साहेबांनी तुला फोन केला. लेखाची कुणकुण लागली असणार, आणि आजारी बाईला दम द्यायला त्यांना काही वाटत नाही. तुमच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच विद्यार्थिनी ना? उपचारांची भीती घातली असेल. मी तुझ्यावर रागावलेली नाही. तुझी सही नको. तू नुसती बरी हो, त्यांना मी बघून घेते.

लेख काल पाठवला. अंकात छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून आणखी एक प्रत दवाखान्याच्या विश्वस्तांना पाठवली. आणि शिंपीणबाईंच्या मुलीला शोधून काढलं. बस आगारात तिकिटं तपासते. तिला नऊ तपकिरी काचांचे फोटो दाखवले आणि सांगितलं, तुझ्या आईला या माणसाने मारलं, आणि वर हात माझे होते म्हणाला. ती सत्काराला येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या माणसाच्या गळ्यात हार पडेल तेव्हा ती उठून उभी राहील, एवढंच ठरलंय. बाकी काय बोलायचं ते तिचं तिने ठरवावं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटतं.

तुझी काच आज रंगवली. उद्या वाळली की बघेन.

वन्सं


२६ जुलै

वन्सं,

साहेबांनी मला फोन केला नाही. मला कुणीच दम दिला नाही. काचा मी रंगवल्या.

आता शेवटपर्यंत वाचा.

साहेब काचा रंगवायलाच आले होते. रजिस्टरवर सही केली, आणि वरून बोलावणं आलं. जाताना म्हणाले, तू बाईंचं, म्हणजे तुमचं, काम सहा महिने बघतेस, कर सुरुवात, मी येतोच. ते आलेच नाहीत. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. गोगलगायीच्या बाटलीला हात लावायची मला परवानगी नव्हती, आणि आज साहेब स्वतः सांगून गेले. बर्फाच्या भांड्यात दोन बाटल्या होत्या. तुम्ही मेणाच्या पेन्सिलीने लिहिलेलं पाण्याने पुसलं होतं. सगळीकडे आधी वापरायची बाटली उजवीकडे ठेवतात. तुम्ही डावखुऱ्या, तुमची डावीकडे असते. हे मला माहीत होतं, वन्सं. पण त्या दिवशी माझं डोकं लॅबमध्ये नव्हतं. तुम्ही आमच्या घरी आईसमोर बसला असाल, आई काय बोलली असेल, एवढंच डोक्यात होतं. मी उजवीकडची, साखर घातलेली, उचलली.

इथपर्यंत चूक. पुढचं चूक नव्हे, तुम्हीच लिहिलंत.

संध्याकाळी अकराही काचा कोऱ्या आल्या आणि खात्रीच्या दोन तपकिरी. पाहताक्षणी समजलं. साहेबांना सांगितलं असतं तर फार तर बोलणी बसली असती, आणि शुक्रवारी पुन्हा रंगवल्या असत्या. पण मला वाटलं, तुम्ही आज मला मागायला गेलाय आणि उद्या येऊन बघाल की हिला दोन बाटल्या ओळखता येत नाहीत. त्या दोन काचा मी रुमालात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या. रजिस्टरात "खात्रीच्या काचा कोऱ्या" असं मीच लिहिलं, कुणी न सांगता. साहेबांनी आल्यावर न बघता दुसरी सही केली. मी ठरवलं होतं, सोमवारी गुपचूप पुन्हा रंगवेन. सोमवारी अहवाल गेले होते.

चौकशी झाली तेव्हा मी तुमच्या घरची सून होते. तुम्ही नोकरी गेल्याचा कागद घेऊन आलात आणि ओट्याला टेकून उभ्या राहिलात. मी तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "तू तरी माझ्यावर विश्वास ठेव." मी म्हणाले, ठेवते.

त्या मुलीला माझा पत्ता द्या. माझ्या काचेचा रंग सांगू नका वाटलं तर. पण पत्र लिहा.

भिंगरी


९ ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं.

उत्तराला उशीर झाला कारण चार वेळा लिहून फाडलं. त्या चारांत जे होतं ते तुला कधी कळू नये. घरात एक आरसा होता, तो मी फोडला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मुद्दाम फोडलं.

माझा डावखुरेपणा पुन्हा काढू नकोस. बाटल्या मी वीस वर्षं तशाच ठेवत होते आणि वीस वर्षं कोणी मेलं नव्हतं.

मी तुला लेकीसारखी वागवली, हे वाक्य लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं. तुझ्या बाळंतपणात, तुझ्या आईच्या आजारपणात, मी आले आणि राबले, आणि तू प्रत्येक वेळी मला चहा करून दिलास. तो चहा कसा करवत होता तुला?

आता ऐक. तू तीन कामं करायचीस. त्या मुलीला सगळं स्वतःच्या नावाने लिही, मला पाठवलंस तसंच, एक शब्द कमी नाही. त्याची प्रत विश्वस्तांना. आणि माझ्या भावाला तोंडाने सांग, चिठ्ठीने नव्हे, जेवायला बसल्यावर, समोरासमोर.

साहेब सुटले असं समजू नकोस. न केलेल्या कामावर सही केली, न बघितलेल्या काचांवर सही केली, आणि चौकशीत छातीवर हात ठेवून म्हणाले की मी स्वतः रंगवल्या, बाटल्याच चुकीच्या भरल्या होत्या. मी विश्वस्तांना नवीन पत्र धाडलंय. त्यांच्या नावावर बसायचं तेवढं बसेल, तुझ्या नावावर बसायचं तेवढं तुझ्या.

तुझी काच मी बघितली. तुमच्या डॉक्टरीणबाईंना त्याच दिवशी कळवलं, उपचार त्या ठरवतील, त्यात मी एका तासाचाही उशीर केला नाही. मी तू नव्हे. पण तुला मी सांगणार नाही. त्यांना विचारायचं असेल तर खुशाल विचार, मी त्यांचं तोंड बांधलेलं नाही. माझ्याकडून हवं असेल तर आधी तीन कामं.


२ सप्टेंबर

वन्सं,

तिन्ही कामं झाली.

ह्यांना आमटी वाढताना सांगितलं. त्यांनी ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि मागच्या खोलीत झोपायला गेले. अजून तिथेच आहेत. वेळेवर गोळ्या देतात, डोक्याला तेल लावतात, बोलत नाहीत.

सत्कार झाला नाही. विश्वस्तांनी पुढे ढकलला म्हणे, तो आता होईलसं दिसत नाही. साहेबांचा मला खरंच फोन आला, तुम्ही म्हणाला होता तसा, पण उशिरा. मी दम ऐकायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "तूच असशील असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण तुला विचारलं असतं, तर मी नव्हतो हे मलाही सांगावं लागलं असतं." मग फोन ठेवला. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून जसंच्या तसं लिहिलं. आमच्या दोघांपैकी कुणीही एकाने तोंड उघडलं असतं तर तुम्ही वाचला असता, आणि मी त्याच संध्याकाळी उघडलं असतं तर त्या चौघीही.

शिंपीणबाईंची मुलगी परवा आली. सहा तासांचा बसचा प्रवास करून. आत या म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली. मी डोक्याला काही बांधलं नव्हतं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं, भुवया गेल्यात तिकडे पाहिलं. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्या आईचे केस शेवटपर्यंत शाबूत होते." आणि पायऱ्या उतरून गेली.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलेलं नाही. दर वेळी फाइल त्यांच्या टेबलावर उघडी असते, मी खिडकीकडे बघत बसते. तुमच्याकडूनच ऐकेन. आता सांगा.

भिंगरी


११ सप्टेंबर

भिंगरी,

ती मुलगी परतीच्या वाटेवर माझ्याकडे उतरली होती. दोन खोल्या, तपासणीच्या नळ्या, खालच्या चष्मेवाल्याची कटकट, सगळं बघितलं. मग म्हणाली, तुमचे हात दाखवा. मी टेबलावर ठेवले. तिने त्यावर आपले हात ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत. माफी मागितली नाही, बरं केलं. मला सोळा वर्षांनी बरं वाटलं. खोटं का बोलू, फार बरं वाटलं. तू दारात उभी राहून ते ऐकलंस याचंही बरं वाटलं. त्याची लाज वाटेल तेव्हा वाटेल.

विश्वस्तांचं पत्र आलंय, शेरा खोडला म्हणून. फ्रेम करायच्या लायकीचं नाही, नुसत्या चार ओळी आहेत. मी ते दोनदा वाचून कपाटात ठेवलं.

आता तुझी काच.

कोरी आहे.

तू हे वाचून आधी रडशील. मग डोळे पुसशील आणि लॅबमधली भिंगरी होशील, आणि तुझ्या मनात येईल: कुठल्या बाटलीने? खात्रीची काच बघितली का? ती कोरी होती की तपकिरी? बाईंना माझा एवढा राग आलेला असताना त्यांचा हात कुठल्या बाटलीवर पडला असेल? मी सांगते, बाटली बरोबर होती, खात्रीच्या काचा बरोबर होत्या, दोनदा पाहिल्या. पण सांगते आहे ती मी. त्या अकरा जणींनाही असंच कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या खूश होऊन घरी गेल्या होत्या.

हे मी मुद्दाम करत नाही, असं म्हणणार नाही. काच वाळली त्या दिवशी मला तुझं पत्र मिळालेलं नव्हतं, आणि ती कोरी बघून मी एकटीच खोलीत हसले होते. पत्र आल्यावर मला कळलं की आता हे तुला कुणीही सांगितलं तरी तू पूर्ण विश्वास ठेवू शकणार नाहीस. यापेक्षा मोठी शिक्षा मला शोधूनही सापडली नसती. मी शोधली होती, भिंगरी. चार पत्रं फाडली ती त्यासाठीच.

माफ केलेलं नाही. तसं समजून इकडे येऊ नकोस.

पण ये. केमो संपली, हातात जोर आला की ये. तुझ्या ब्लॉकच्या मेणात अजून पुष्कळ तुकडा शिल्लक आहे. दोन्ही बाटल्या मी भरून ठेवीन, नावं शाईने लिहीन. तू स्वतः काप, स्वतः रंगव, खात्रीच्या काचा स्वतः बघ. मी शेजारच्या स्टुलावर बसेन आणि संपेपर्यंत तोंड उघडणार नाही.

तुझी वन्सं